उड्डाणाची उघडी वही: एक्सकॉन्टेस्ट आणि एक्ससीट्रॅक

पॅराग्लायडिंग म्हटलं की फोनवर आधी टँडमचे व्हिडिओ येतात. काठीला लावलेला कॅमेरा, खाली पवनेचं पाणी, मागे पायलट आणि पुढे बसलेल्या पाहुण्याचा आनंदाचा आरडाओरडा. हे व्हिडिओ बघून शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून पुष्कळ मंडळी कामशेतला येतात, थोडा वेळ हवेत राहतात आणि घरी जातात. त्यांचा आनंद खरा असतो, त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण त्यांतले स्वतः विंग, म्हणजे उडायचं कापडी पंख, उचलायला शिकतील असे थोडे, आणि शिकून दुसऱ्या हंगामातही टेकडीवर दिसतील असे त्याहून थोडे.

जे टिकतात त्यांना धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती दिसायला अगदी साधी आहे. एक्सकॉन्टेस्ट नावाची वेबसाइट आणि त्याच लोकांचं एक्ससीट्रॅक हे फोनवरचं ऍप. गेले काही हंगाम मी दोन्ही सतत वापरते आहे. आमच्या ग्रुपमध्ये नव्याने शिकणारे "ताई, हे घ्यायचं का, कसं वापरायचं" असं विचारत असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

एक्सकॉन्टेस्ट ही चेक मंडळींनी उभी केलेली सेवा. नावाप्रमाणे ती स्पर्धा आहे. जगातल्या कुठल्याही टेकडीवरून तुम्ही उडालात, उड्डाणाची फाइल चौदा दिवसांच्या आत चढवलीत, की अंतर मोजून गुण मिळतात. सरळ किंवा वाकड्या वाटेने गेलात तर किलोमीटरला एक गुण. त्रिकोण करून निघाल्या जागेजवळ परत आलात तर किमान १.२ पट. आणि त्या त्रिकोणाची सगळ्यात लहान बाजू एकूण अंतराच्या किमान २८ टक्के असेल, म्हणजे तो एफएआय त्रिकोण असेल, तर किमान १.४ पट. हंगामातली सर्वोत्तम सहा उड्डाणं धरली जातात. नोंदणी फुकट. यादी विंगच्या वर्गाप्रमाणेही पाहता येते, त्यामुळे साध्या, सुरक्षित विंगवर उडणारा माणूस स्पर्धेच्या विंगवाल्यांच्या खाली दबून जात नाही.

या गुणपद्धतीत एक शहाणपण आहे, ते मावळात राहून जास्त कळतं. ५० किलोमीटर सरळ गेलात तर ५० गुण. पण ४० किलोमीटरचा एफएआय त्रिकोण पुरा केलात तर किमान ५६. म्हणजे वाऱ्याच्या पाठीवर बसून लांब निघून जाण्यापेक्षा वाऱ्याविरुद्ध झगडून घरी परतणाऱ्याला जास्त मान आहे. हवेचं खरं शिक्षण परत येण्यात होतं. आणि कुठल्या तरी अनोळखी शिवारात उतरून, पाठीवर पंधरा-वीस किलोचं ओझं घेऊन गाडीची वाट बघत बसावं लागत नाही, हा फायदा वेगळा.

पण स्पर्धेसाठी मी ही साइट वापरत नाही, आणि कामशेतचे बहुतेक जण वापरत नाहीत. तिथला आमचा रोजचा उपयोग म्हणजे दुसऱ्यांच्या नोंदी वाचणं.

मी चिंचवडला राहते, पिंपरीच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात गेज कॅलिब्रेशनचं काम करते. ज्या गोष्टीची नोंद नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या कामाचं पहिलं सूत्र. म्हणून उड्डाणाची नोंद असलेली आयजीसी फाइल पहिल्यांदा उघडून बघितली तेव्हा मला फार बरं वाटलं. अगदी साधी मजकुराची फाइल. एकेक ओळ म्हणजे उड्डाणाचा एकेक क्षण: वेळ, अक्षांश, रेखांश, आणि उंची दोनदा. एक उंची हवेच्या दाबावरून, १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून काढलेली. दुसरी उपग्रहावरून आलेली. दोन्ही आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि दोन्ही खोटे नसतात, कारण दोघांचा शून्य वेगवेगळ्या जागी आहे. शेवटी फाइलमध्ये कुणी फेरफार केला तर ओळखू यावा म्हणून डिजिटल सही. हा आराखडा मुळात ग्लायडर विमानांसाठी, इंटरनॅशनल ग्लायडिंग कमिशनने ठरवला. कापडी विंगवाल्यांनी तो जसाच्या तसा उचलला. आज पवनेच्या काठावर चाळीस मिनिटं उडालेल्या माणसाची नोंद आणि आल्प्समधल्या विजेत्याची नोंद एकाच भाषेत लिहिलेली असते, एकाच नकाशावर उघडते. हौसेच्या खेळांमध्ये अशी समानता मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तर, शोधाचं पान. लॉगिन केलंत की टेक-ऑफ निवडता येतं किंवा नकाशावर बोट ठेवून आसपासची सगळी उड्डाणं मागता येतात. कामशेत टाका. टॉवर हिल, शेलार या टेकड्यांवरची आणि पवनेच्या परिसरातली उड्डाणं एकाखाली एक येतात. एखादं उघडलंत की डाव्या-उजव्या वळणांसकट त्याची वाट नकाशावर दिसते, खाली उंचीचा आलेख. तिकोना एका अंगाला, तुंग दुसऱ्या अंगाला, मध्ये पाणी. ज्या सोंडेवरून तुम्ही काल दोन मिनिटांत खाली आलात, त्याच सोंडेवर त्याच आठवड्यात कुणीतरी आठ चकरा मारून वर गेलेला असतो. चकरा वाऱ्याने सरकत गेलेल्या असतात, उदबत्तीच्या धुराच्या रेषेप्रमाणे तिरक्या. त्या तिरकेपणावरून वर वारा किती होता ते काढता येतं.

माझ्या बहिणीचा मुलगा या खेळात आला तो या पानामुळे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टँडमचे व्हिडिओ त्याने ढिगाने पाहिले होते आणि "मस्त आहे" म्हणून पुढे सरकवले होते. एका संध्याकाळी मी माझी फाइल चढवत होते तेव्हा तो शेजारी येऊन बसला आणि स्वतःच शोधू लागला. टॉवर हिलवरून कुणीतरी केलेलं उड्डाण त्याने उघडलं. तासाभराचं, धरणाकडे जाऊन परत आलेलं.

"मावशी, ही विंग ईएन-ए आहे. म्हणजे शिकाऊ ना?"

"हो."

"मग हा कुणी मोठा पायलट नाही."

"नसेल. आपल्यातलाच कुणी असेल."

त्यावर तो बराच वेळ आलेख पुढे-मागे करत राहिला. कोर्सची चौकशी त्याने दुसऱ्या दिवशी केली. कॅमेऱ्यासमोर ओरडणारा माणूस बघून तो हलला नव्हता; आपल्या घरापासून लोकलने जाता येईल अशा टेकडीवर, साध्या विंगवर, एका सामान्य माणसाने काय केलं आणि कोणत्या वेळी केलं हे बघून हलला. कामशेत स्टेशन पुणे-लोणावळा लोकलवरच आहे, वडगाव, कान्हे, मग कामशेत. जवळच्या माणसाने केलेलं पाहिलं की "हे मला जमेल का" हा प्रश्न पडतो, आणि हौसेचं उड्डाण वाढायचं तर हाच प्रश्न जास्तीत जास्त लोकांना पडायला हवा.

साइटचा दुसरा उपयोग मी आमच्या सरांकडून, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांकडून शिकले. आमच्या बॅचचा एक व्हॉट्सऍप ग्रुप आहे. उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळी सगळे आपापल्या उड्डाणाचा दुवा टाकतात. मग सर त्यांतलं एक निवडतात, मोठ्या पडद्यावर उघडतात आणि चहा पिता पिता बोलतात. त्यांचं एक ठरलेलं सांगणं आहे: "रेषा नंतर बघा, आधी घड्याळ बघा." कामशेतला हे सोळा आणे खरं आहे. हिवाळ्यात सकाळी बऱ्याचदा पूर्वेचा वारा असतो, तेव्हा शेलार. ऊन तापलं की थर्मल, म्हणजे जमिनीवरून वर चढणारे गरम हवेचे झोत, सुटायला लागतात. दुपारनंतर कोकणातून घाट चढून पश्चिमेचा वारा मावळात शिरतो, आणि संध्याकाळी टॉवर हिलवर गुळगुळीत हवा मिळते. एकच सोंड साडेबाराला तुम्हाला वर नेते आणि साडेतीनला काही देत नाही. नुसती रेषा बघणारा माणूस चुकीच्या वेळी त्याच सोंडेवर जाऊन उभा राहतो. दहा जणांच्या नोंदी वेळेप्रमाणे लावल्या की वारा कधी फिरला ते पंधरा मिनिटांच्या फरकाने सांगता येतं. पुस्तकातून हे कळायला मला पुष्कळ काळ लागला असता, कारण कुठल्याच पुस्तकात टॉवर हिल नाही.

गोव्याला हरमलच्या बाजूला समुद्राच्या वाऱ्यावर उडतात, तिथल्या नोंदी या दृष्टीने आवर्जून बघा. कड्याला धरून एकाच उंचीवर पुढे-मागे, पुढे-मागे अशा आडव्या रेघा. चकरा नाहीत, कारण तिथे थर्मल नाही, कड्याला धडकून वर चढणारा वारा आहे. नवख्याला सोअरिंग आणि थर्मलिंग यांतला फरक समजावायला ही दोन चित्रं शेजारी ठेवली की पुरे.

आता ऍप. एक्ससीट्रॅक अँड्रॉइड फोनवर चालतं. आयफोनवाले आमच्याकडे फ्लायस्कायहाय वापरतात. मुख्य काम फुकटात होतं, काही वाढीव सोयींना वर्षाचे पैसे आहेत, आणि मला त्यांची निकड भासलेली नाही. फोन निवडताना एकच गोष्ट बघा: त्यात दाब मोजणारा सेन्सर, बॅरोमीटर, आहे का. असेल तर ऍप व्हेरिओचं, म्हणजे चढ-उतार सांगणाऱ्या यंत्राचं काम करतं, वर चढताना टीं-टीं वाजतं, खाली येताना जाड सूर लावतं. नसेल तर उंची उपग्रहावरून येते आणि ती थोडी उशिरा बदलते. थर्मलमध्ये तेवढा उशीर म्हणजे अर्धी चक्कर. स्वस्तातले बरेच फोन बॅरोमीटर देत नाहीत. तो नसेल तर ब्लूटूथने जोडायचा छोटा व्हेरिओ घ्यावा.

पडदा स्वतःला हवा तसा मांडता येतो, आणि तीच सुरुवातीची अडचणही आहे. शेकडो चौकटी उपलब्ध आहेत आणि नवा माणूस सगळ्याच लावतो. मी पाचच ठेवल्या आहेत: उंची, चढण्याचा वेग, जमिनीवरचा वेग, वाऱ्याची दिशा आणि नकाशा. डोळे हवेत हवेत, फोनवर नकोत. फोन मांडीवरच्या कॉकपिटला, म्हणजे यंत्रं ठेवायच्या पट्टीला, दोरीने बांधायलाच हवा, शिवाय उन्हात तापून बंद पडू नये म्हणून चमक कमी ठेवायची आणि नको ती ऍप आधी मारून टाकायची.

नकाशावर हवाई हद्दी दाखवता येतात, ते आपल्याकडे महत्त्वाचं. कामशेतहून पूर्वेला लांब जायचं मनात असेल तर पुढे लोहगाव आहे, हवाई दलाचा तळ आणि पुण्याची प्रवासी विमानं दोन्ही तिथेच. टेकडीवर दोन-तीनशे मीटर वर राहून उडणाऱ्याला त्याची झळ नाही, पण ज्याला क्रॉस-कंट्री करायची आहे त्याने फोनवरच्या रेषेवर विसंबू नये. फोनमधली फाइल जुनी असू शकते. आपल्या शाळेच्या प्रशिक्षकाला विचारून, कुठवर जायचं हे ठरवूनच निघावं. एकाने हद्द मोडली तर टेकडी सगळ्यांची बंद होते.

लाइव्ह ट्रॅकिंगबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. परदेशी पायलट डोंगरात जाताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घेऊन जातात. आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे. गार्मिन इनरीच घेऊन आलेल्या परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. मग उरतो तो मोबाइलच्या नेटवर्कवरचा मार्ग. एक्ससीट्रॅकमध्ये लाइव्ह चालू केलं की तुमची जागा साइटच्या नकाशावर घरच्यांना, ग्रुपला दिसत राहते. कामशेतच्या आसपास बहुतेक ठिकाणी नेटवर्क मिळतं, त्यामुळे हे उत्तम चालतं. माझी आई चिंचवडला बसून माझा ठिपका बघते आणि तो जमिनीवर थांबला की फोन करते.

बीर-बिलिंगला मात्र गोष्ट वेगळी. हिमाचलातलं हे ठिकाण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जगभरच्या पायलटांनी भरून जातं. २०१५ मध्ये तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला आणि तेव्हापासून गर्दी वाढतीच आहे. त्या दिवसांत युरोपात हिवाळा लागत असतो, त्यामुळे एक्सकॉन्टेस्टच्या रोजच्या यादीत वरची उड्डाणं पुष्कळदा बीरची असतात. टेक-ऑफ सुमारे २४०० मीटरवर, मागे धौलाधारची भिंत. त्या भिंतीच्या आत नेटवर्क नाही. तिथे पायलट हरवले आहेत, गेलेही आहेत. ऍपमधला ठिपका शेवटचा कुठे दिसला यावरून शोध सुरू होतो, पण तो शेवटचा ठिपका कधी कधी दरीअलीकडचा असतो. म्हणून बीरला जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: लाइव्ह चालू ठेवा, रेडिओही घ्या, आणि "मी याच्याबरोबर उडतो आहे, एवढ्या वाजेपर्यंत उतरेन" हे एका माणसाला सांगूनच निघा.

या नोंदींवर उभी राहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे केके-७ चा थर्मल नकाशा. लोकांनी चढवलेल्या असंख्य फाइलींमधून कुठे कुठे पायलटना चढ मिळाला याचे ठिपके एका स्विस माणसाने नकाशावर काढले आहेत, फुकट. एक्ससीट्रॅकमध्येही तो उतरवून घेता येतो. आल्प्सवर तो लालेलाल दिसतो. सह्याद्रीवर बराचसा कोरा आहे, कारण आपण उडतो पण फाइल चढवत नाही. पाचगणी, सातारा, भोर, नाशिककडचे डोंगर, इथे उडणारे लोक आहेत आणि नकाशावर त्यांची खूण जेमतेम. जितके जण चढवतील तितकं पुढच्या शिकणाऱ्याला सोपं जाईल. वाऱ्याचा अंदाज बघायला आम्ही सगळे विंडी वापरतो. तेही चेक, काइटसर्फिंगची आवड असलेल्या इवो लुकाचोविचने २०१४ मध्ये सुरू केलेलं. त्यावर सगळ्यांनी आधीच लिहिलेलं आहे.

पावसाळ्यात, जूनपासून चार महिने, कामशेत बंद. शिकाऊ माणूस सुटतो तो याच काळात. ओल्या कपाटात विंग पडून राहते आणि मनही दुसरीकडे जातं. आमचा ग्रुप या काळात जिवंत राहतो तो इंटरनेटच्या जोरावर. दर दोन वर्षांनी जूनमध्ये रेड बुल एक्स-आल्प्स ही शर्यत होते. २००३ पासून चालू आहे. नियम सरळ: बाराशे किलोमीटरच्या आसपासचा आल्प्स पार करायचा, पायी किंवा पॅराग्लायडरने, तिसरं वाहन नाही. प्रत्येक स्पर्धकाचा ठिपका चोवीस तास सगळ्या जगाला दिसतो. स्वित्झर्लंडचा क्रिस्टियान माउरर, ज्याला सगळे क्रिगेल म्हणतात, २००९ पासून २०२३ पर्यंत सलग आठ वेळा जिंकला. बाहेर आंदर मावळात पाऊस कोसळत असताना आम्ही रात्री अकरापर्यंत त्याचा ठिपका बघत असतो: इथून का वळला, इथे उतरून चालायला का लागला. टेकडीवर कधी न आलेली घरची माणसंही त्यात ओढली जातात. भाचा तर मधल्या काळात गेव्हिन मॅक्लर्गचं "क्लाउडबेस मेहेम" हे पॉडकास्ट ऐकत बसमधून कॉलेजला जातो. स्वतः एक्स-आल्प्स केलेला माणूस इतर पायलटना अपघातांबद्दल, भीतीबद्दल मोकळेपणी विचारतो, आणि ऐकणाऱ्यांच्या पैशांवर ते चालतं. इंग्रजी थोडं भरभर आहे, सवय होते.

आता जे खटकतं ते.

एक्सकॉन्टेस्टमध्ये फक्त केलेली उड्डाणं असतात. टेक-ऑफवर दोन तास बसून, वारा बघून, विंग परत पिशवीत भरून खाली आलेल्या माणसाची नोंद कुठेही होत नाही, आणि तो त्या दिवशीचा सगळ्यात चांगला निर्णय असू शकतो. यादी बघणाऱ्याला वाटतं त्या दिवशी सगळे उडाले, मस्त हवा होती. प्रत्यक्षात पंधरा जण खाली उतरले असतील. अंतराला गुण मिळतात, शहाणपणाला मिळत नाहीत; हे मोजायचं कसं हे मलाही सांगता येणार नाही, पण आम्ही ग्रुपवर त्याची भरपाई करतो. जो न उडता परततो तो त्या दिवशीचा वारा आणि परतण्याचं कारण लिहून टाकतो, आणि सर आधी त्यावर बोलतात, मग उड्डाणांवर. नव्या मुलांवर याचा झालेला परिणाम मी पाहते आहे. "आज नाही उडलो" हे सांगायला त्यांना संकोच वाटत नाही.

दुसरं, नोंदीची नक्कल करायचा मोह. एप्रिल-मेमध्ये मावळात लांबच लांब उड्डाणं होतात, याच महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढगही उभे राहतात. यादीत आकडा मोठा दिसतो, ढग दिसत नाही. या बाबतीत शिकवायला सर एकच उदाहरण घेतात, तेही नोंदीचंच. फेब्रुवारी २००७, ऑस्ट्रेलियातलं मनिला. एवा विश्निएर्स्का ही जर्मन संघातली पायलट सरावाच्या उड्डाणात वादळी ढगात ओढली गेली. तिच्या यंत्रात ९९४६ मीटरची उंची नोंदली गेली. शुद्ध हरपली, अंगावर बर्फ चढला, आणि ती वाचली. त्याच वादळात एक चिनी पायलट दगावला. उंची एव्हरेस्टच्या वर गेल्याचं यंत्राने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ते कळतं. ते ऐकल्यावर वर्गात कुणी बोलत नाही. वळवाचा ढग डोंगरामागे दिसला की विंग खाली, एवढा एकच नियम.

तिसरं आपल्या मातीचं. नोंदीत माणूस कुठे उतरला तेही दिसतं आणि मग पुढचे सगळे तिथेच उतरायला बघतात. पण ऑक्टोबरात मावळात इंद्रायणी भात उभा असतो. गेल्या मेमध्ये कुणी उतरलेलं मोकळं रान आता कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे. टॉवर हिलखालचे एक काका बांधावरून ओरडून सांगतात, "तिथं नगं ताई, भात हाय, पलीकडच्या पडीकात उतरा!" ऍपमध्ये हे काका नाहीत. आमच्याकडे हंगाम सुरू होताना कुठल्या खाचरात कापणी झाली, कुठे व्हायची आहे याची यादी ग्रुपवर फिरते, आणि ती आठवड्याला बदलते. गावकऱ्यांनी उतरू दिलं तरच हा खेळ इथे राहणार आहे.

आणि साइट मराठीत नाही, हिंदीतही नाही. दिसायलाही ती जुन्या धाटणीची आहे, फोनपेक्षा लॅपटॉपवर बरी. पदवीधर मुलांना अडत नाही. पण कामशेतच्या आसपासच्या गावांतली जी मुलं आज विंग घडी करायला, गाडी चालवायला मदत करतात आणि हवा आमच्यापेक्षा चांगली ओळखतात, त्यांच्यातले काही आता स्वतः उडू लागले आहेत. त्यांच्यासाठी हे दार अजून अर्धंच उघडं आहे. केंद्र सरकारचं २०२२ चं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण पॅराग्लायडिंगलाही लागू आहे. त्यातून उद्या काही उभं राहिलं तर गावातल्या मुलांना शिकवायचं साहित्य मराठीत लागणारच आहे.

गुण द्यायचेच तर साइटला पाचपैकी साडेचार, ऍपला चार. नुसत्या टँडमसाठी येणाऱ्याला दोन्हींची गरज नाही. कोर्सच्या पहिल्या दिवसापासून साइट बघायला लागा, ऍप मात्र सोलो उड्डाणं सुरू झाल्यावर. ग्राउंड हँडलिंगच्या, म्हणजे जमिनीवरच विंग सांभाळायला शिकण्याच्या दिवसांत खिशात फोनही नको. फाइल त्याच रात्री चढवा, चौदा दिवसांची मुदत कधी संपते कळत नाही. लहान उड्डाणं वगळू नका. तीन किलोमीटरची नोंद तुम्हाला किरकोळ वाटेल, पुढच्या वर्षी ती उघडून कुणीतरी कोर्सची चौकशी करेल.

मराठीचं काम आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. प्रत्येक टेक-ऑफचं एक पान: वारा कुठल्या दिशेचा चालतो, किती वाजता फिरतो, कुठे उतरायचं, कुठल्या महिन्यात कुठे पीक असतं, आणि कोणाला विचारायचं. टॉवर हिलचं पान झालं आहे, सरांनी आणि बांधावरच्या काकांनी दोघांनीही तपासलं आहे. शेलारचं चालू आहे. सकाळच्या पूर्वेच्या वाऱ्यातल्या आयजीसी फाइली कुणाकडे पडून असतील, अगदी पाच मिनिटांच्या असल्या तरी, हंगाम सुरू व्हायच्या आत पाठवा. भाच्याने सगळ्या वेळेप्रमाणे लावायचं काम घेतलं आहे.